डाव्या हाताची सुरी

शनिवार, सकाळचे साडेदहा. नॉटिंगहॅममधल्या एका सेमी-डिटॅच्ड घराचं स्वयंपाकघर. सिंकशेजारी ओल्या टी-टॉवेलवर धारेचे दगड. टेबलाभोवती पाच माणसं, त्यातली चार मान खाली घालून सुऱ्या घासतायत, पाचवी विणकाम करतेय. कुणीही जखमी नाही.

बातमी अशी सुरू करायची, ही माझी जुनी खोड. आधी नागपुरात महापालिका आणि कोर्ट, मग इथल्या एका साप्ताहिकात कौन्सिलच्या बैठका, मालकांनी ते साप्ताहिक बंद पाडेपर्यंत. त्या मालकांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण आज नाही.

जपानी सुरी ओल्या दगडावर घासली की दगडावर राखाडी गाळ जमतो, सहाणेवर गंध उगाळावं तसा. नवशिका माणूस तो लगेच धुऊन टाकतो. धुवायचा नसतो. खरी धार तो गाळच लावतो. आमच्या टेबलावर किस्सेही तसेच साचत गेले. हात गुंतलेले, नजर खाली, अशा वेळी माणसं खरं बोलतात. मी जन्मभर लोकांच्या नाकासमोर माइक धरून जे मिळवू शकले नाही, ते इथे चहाबरोबर मिळतं.

*

घर डॉक्टर माधवरावांचं. निवृत्त जीपी, अर्ध्या वस्तीचं ब्लडप्रेशर तोंडपाठ. त्यांची बायको शशीताई मागच्या हिवाळ्यात गेली.

शशीताईची एक सुरी होती. जपानमधल्या साकाईत हाताने घडवलेली, भाजीची, साध्या पोलादाची. स्टेनलेस नव्हे. त्यामुळे तिचे लाड फार. कांदा चिरला की पुसायची, लिंबू चिरलं की धुऊन पुसायची, रोज काम संपलं की कॅमेलियाच्या तेलाचं बोट फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. माधवराव म्हणायचे, "मला कधी एवढं जपलंस का?"

"तुम्ही गंजत नाही," शशीताई म्हणायची.

ती गेल्यानंतर मुलगी ग्लासगोहून भेटायला आली, तेव्हा माधवरावांनी पहिल्यांदा स्वतः स्वयंपाक केला. जेवणं झाल्यावर सगळं डिशवॉशरमध्ये घातलं. ती सुरीसुद्धा. सकाळी दार उघडलं तर पातं भगवं आणि लाकडी मूठ तडकलेली.

ते माझ्या दारात आले. मी त्याच रस्त्यावर राहते. अंत्यविधीच्या दिवशी या माणसाचा आवाज हलला नव्हता. या वेळी मात्र ते घरातल्या सपाता घालूनच आले होते. "अहो रिपोर्टरबाई, माझ्या हातून एक काम बिघडलंय."

मला परागची आठवण झाली. पराग पुण्याचा, नोकरी सॉफ्टवेअरची, जीव जपानी सुऱ्यांमध्ये. राहतो ट्रामच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, चला.

आता सबळ कारणाशिवाय सुरी घेऊन बाहेर फिरणं हा या देशात गुन्हा, हे मला ठाऊक होतं. तरी माधवरावांनी ती टी-टॉवेलात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवली आणि मूठ बाहेर. स्टॉपवर एक तरुण पोलिस होता. त्याची नजर मुठीवर गेली. तो शांतपणे जवळ आला.

"सर, पिशवीत काही धारदार आहे का?"

मी भांडणाच्या तयारीत पुढे सरकले. कलम कुठलं, सबळ कारण कशाला म्हणायचं, सगळं जिभेवर होतं. माधवरावांनी मला हाताने थांबवलं आणि त्याला खरं ते सांगितलं.

"आज नाही, ऑफिसर. तेच तर दुःख आहे."

पोलिसाने टॉवेल उघडून गंज पाहिला. मग माधवरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी डब्यात घालून वर टेप लावा, सर," तो म्हणाला आणि ट्राम येईपर्यंत आमच्याशेजारी उभा राहिला, दुसऱ्या कुणी आम्हाला पुन्हा अडवू नये म्हणून. माझं अख्खं भाषण वाया गेलं.

*

परागबद्दल आधी सांगते. त्याच्या डाव्या हातावर केस नाहीत. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे आहेत, कारण धार तपासायला तो हातावरचे केस कापून बघतो. आमच्यातली चौथी अनघा, ती इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. पहिल्या भेटीत तिने त्याचा हात बघितला, त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "लाजू नकोस. फंगल असेल तर क्रीम देते."

परागने ते क्रीम घेतलं. का, तर ती इतक्या मायेने बोलली की नाही म्हणवेना. तेव्हापासून दोघं मित्र.

*

त्या पहिल्या दिवशी परागने सुरी उजेडात धरली आणि उलटसुलट करून दोन्ही बाजू बघितल्या.

"गंज निघेल, काका. मूठ नवी बसवू. पण ही सुरी उलटी आहे."

"उलटी नाही," माधवराव म्हणाले. "डावी."

या जातीच्या सुरीला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताने चिरणाऱ्यासाठी उतार उजवीकडे. हिचा डावीकडे होता. दुकानात अशी तयार मिळत नाही, सांगून घडवून घ्यावी लागते. उजव्या हाताने चिरायला गेलं तर ती वाकडी पळते.

मग गंज निघत असताना माधवरावांनी खाली बघतच सांगितलं. शशीताई जन्माची डावखुरी. लहानपणी अकोल्याला ताट वाढताना, हळदीकुंकू लावताना, विळीवर बसताना एकच वाक्य, "हात बदल." आणि वाक्याबरोबर फटका. लिहिणं उजवं झालं, जेवणं उजवं झालं. चिरणं मात्र झालं नाही. लग्नानंतरही कुणी पाहुणे आले की ती स्वयंपाकघराचं दार लोटून भाजी चिरायची.

माधवराव एका कॉन्फरन्सला जपानला गेले, ती सोबत होती. साकाईतल्या एका लहानशा दुकानात म्हातारा कारागीर आणि थोडं इंग्रजी जाणणारी त्याची मुलगी. शशीताईने एक सुरी हातात घेऊन बघितली, अर्थात डाव्या. म्हातारा तिच्या हाताकडे बघतच राहिला. ती ओशाळली, सवयीने हात बदलला. म्हातारा मुलीला काहीतरी म्हणाला.

मुलगी म्हणाली, "बाबा म्हणतात, ही तुमची नाही. तुमची घडवावी लागेल. पुष्कळ दिवस थांबावं लागेल. थांबाल का?"

"दुकानातच रडली हो," माधवराव म्हणाले. "मला म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हात बघून 'बदल' नाही म्हणालं. 'थांब' म्हणालं."

 

*

शनिवार असा सुरू झाला. मूठ बसेपर्यंत, मग तेल कसं लावायचं ते शिकेपर्यंत, मग उगाच. माधवराव स्वतः आता ती सुरी पुसायचे, तेल लावायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे. चिरायचे मात्र दुसऱ्या सुरीने. धार लावायला आम्ही आमच्याही सुऱ्या आणायचो.

मधेच परागची आई पुण्याहून आली. पराग ऑफिसात असताना तिला ओल्या नारळाची चटणी करायची होती. कोयता सापडेना. ओट्यावर परागची सगळ्यात लाडकी सुरी होती, कागदासारखी पातळ. जपानी पोलाद कडक असतं, पण ठिसूळ. नारळ एका घावात फुटला. सुरीच्या पात्याला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली.

पराग घरी आला. सुरी बघितली. खुर्चीत बसला. त्याची बायको श्वास रोखून उभी. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, नारळ गोड निघाला का गं?"

"नारळ छान आहे," आई म्हणाली. "सुरी कुचकामी निघाली तुझी."

पण मुलाचं तोंड तिला कळतंच. दुसऱ्या दिवशी पराग देवापाशी दिवा लावायला गेला, तर अन्नपूर्णेच्या शेजारी पोलादाचा तांदळाएवढा तुकडा. तिने सगळं खोबरं निवडून तो शोधला होता. "जोडता येत असेल तर बघ," म्हणाली.

जोडता येत नाही. तुकडा अजून तिथेच आहे. त्याला कुंकू लागतं.

*

आता मार्गारेट. माधवरावांची शेजारीण, इथलीच जन्मलेली, वय विचारायचं नाही. नॉटिंगहॅमच्या जुन्या माणसांसारखी ती सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणते, दुधवाल्यापासून बिशपपर्यंत. शशीताईची मैत्रीण. शनिवारी आम्ही जमतो म्हणून केक घेऊन येते आणि खिडकीजवळ विणत बसते. सुरीला हात लावत नाही. "मी बघते, डक. बघायलाही कुणीतरी लागतं."

अनघाला तिच्याकडून विणायला शिकायचं होतं. ती उत्साहाने मार्गारेटच्या शेजारी जाऊन बसली.

"तिथे नको," मार्गारेट म्हणाली. "माझ्या समोर बस. आरशात बघतेस असं समज आणि मी करते तसं कर."

अनघा महिनाभरात उत्तम मफलर विणायला लागली. शशीताईसुद्धा मार्गारेटकडूनच विणायला शिकली होती. ती मात्र शेजारी बसायची.

*

आणि मग ती व्हॅन.

पराग आणि त्याचे दगड त्याची खाच पडलेली सुरी दुरुस्त करण्यात गुंतले होते. इतक्या दिवसांत कुणीच शशीताईच्या सुरीला धार लावली नव्हती, गंज काढताना ती बोथट झालेली. माधवरावांना वाटलं, तरुण माणसाला किती त्रास द्यायचा. एका सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये धार लावून देणाऱ्याची व्हॅन उभी होती. त्यांनी सुरी दिली आणि दूध आणायला आत गेले.

त्या माणसाने सुरी बघितली. उतार डावीकडे. त्याला वाटलं, कुण्या अडाण्याने चुकीच्या बाजूने घासून ठेवलीय. बिचाऱ्याने फिरत्या चाकावर ती 'नीट' करून दिली. म्हणजे सपाट बाजूला उतार काढला. आता सुरी ना डावी ना उजवी.

मला कळलं तेव्हा मी तशीच निघाले. माधवराव मागून, "अहो, राहू द्या हो, रिपोर्टरबाई." व्हॅन तिथेच होती. मी मंत्र्यांना बोलले नसेन असं त्या माणसाला बोलले. विचारल्याशिवाय हात कसा लावलास? ती कुणाची होती, तुला माहीत आहे का?

तो पन्नाशीचा, गरीब चेहऱ्याचा माणूस. ऐकून घेतलं. "मॅडम, मला खरंच वाटलं की आधीच्या कुणीतरी चूक केलीय. मी सुधारायला गेलो."

 माधवराव पुढे झाले आणि अगदी हळू म्हणाले, "तुमचा दोष नाही. तिच्या आईलाही असंच वाटलं होतं."

घरी परतताना ते एवढंच म्हणाले, "मेल्यावरसुद्धा हात बदलायला लावला हो तिला."

*

पराग म्हणाला, साकाईला पाठवू. माधवराव नाही म्हणाले. सुरी एकदा घराबाहेर गेली, पुरे झालं.

तेव्हा इथेच सपाट बाजू पुन्हा सपाट करायची ठरलं. चाकाने घालवलेलं दगडाने परत आणायचं, दर शनिवारी थोडं थोडं. चाकाला मिनिट लागलं होतं, आम्हाला सगळा उन्हाळा पुरला. अनघाचा हात सगळ्यात स्थिर, गोळ्या मोजायची सवय. परागने धार लावण्याचे यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवणं चक्क बंद ठेवलं. मी घासत असताना मात्र तो शेजारी उभा राहायचा. "मीनाताई, दाब कमी. ती नगरसेवक नाहीये."

सुरी थोडी अरुंद झाली, पण व्हॅनवाल्याचा उतार पुसला गेला. उरली फक्त शेवटची धार, डावीकडच्या मूळ उतारावरची. तिथे माधवरावांनी अट घातली.

"सपाट बाजू कुणीही केलीत, चाललं. धार मात्र डाव्या हातानेच लागेल. तिच्या सुरीवर शेवटचा हात उजवा नको."

"काका, उजव्या हातानेही व्यवस्थित लावता येते," पराग म्हणाला. "फक्त ओरखडे दुसरीकडे झुकतात. कुणाला दिसणार आहे?"

"मला."

मुद्दा असा, की आमच्यात डावखुरं कुणीच नव्हतं. मग माधवरावांनी स्वतःचा डावा हात तयार करायला घेतला. सत्तरी ओलांडलेला माणूस डाव्या हाताने चहा ढवळायला लागला. डाव्या हाताने शर्टाची बटणं. डाव्या हाताने दाढी, त्याचे परिणाम आम्ही शनिवारी बघायचो. दगडावर जुन्या सुरीवर सराव करायचे, तर मनगट लटपटायचं. "तिला जन्मभर हे उलट्या बाजूने करावं लागलं," एकदा थांबून म्हणाले. "आणि मी म्हणायचो, तुझं अक्षर एवढं वाईट कसं?"

मार्गारेट विणत होती. तिच्या सुया क्षणभर थांबल्या, परत चालू झाल्या.

*

याच काळात माधवरावांच्या मुलीचा, केतकीचा, वाढदिवस आला. सराव म्हणून त्यांनी कार्ड डाव्या हाताने लिहिलं. 'चि. केतकीस अनेक आशीर्वाद, बाबा.' अक्षरं कार्डभर सांडलेली.

कार्ड ग्लासगोला पोचलं आणि अनघाचा फोन वाजला. केतकी रडत होती. "अनघा, खरं सांग. बाबांना स्ट्रोक आलाय ना? मला सांगितलं नाही तुम्ही कुणी."

अनघाने समजावलं, मी समजावलं. केतकी डॉक्टरची मुलगी, तिला पटेना. मग माधवरावांना व्हिडिओवर यावं लागलं. "बाबा, दोन्ही हात वर करा. आता हसा. आता एक वाक्य बोला."

दोन्ही हात वर करून, हसत माधवराव म्हणाले, "मी तुझ्या आईची सुरी धारेला लावतोय."

 मग केतकी म्हणाली, "काही नाही, तुम्ही इकडे या. मला तुम्हाला समोर बघायचंय."

*

मंगळवारी माधवराव ग्लासगोला गेले. जाण्यापूर्वी दगड धुऊन, पुसून रॅकवर वाळत ठेवले, तो त्यांचा नेम. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये. घराची किल्ली आम्हा चौघांकडेही असते, कारण ते स्वतःची विसरतात.

शनिवारी सकाळच्या गाडीने परत आले. आम्ही दाराशीच होतो, मी, पराग, अनघा, मार्गारेट केक घेऊन. आत गेलो. माधवरावांनी कोट काढला, ड्रॉवरमधून पुडकं काढलं आणि थांबले. ते घडी आतून घालतात. ही बाहेरून होती, शशीताई घालायची तशी.

त्यांनी कागद उलगडला. तेलाचा वास आला. पराग पुढे झाला, त्याने सुरी घेतली, अंगठा हलकेच कडेवर आडवा फिरवला आणि मान वर केली.

"धार लागलीय."

वर्तमानपत्राचा कागद उभा धरून त्याने त्यावरून सुरी चालवली. कागदाने आवाजही केला नाही. मग खिडकीपाशी नेऊन पातं उजेडात तिरकं केलं. बारीक ओरखडे एका रांगेत, टोकापासून मुठीपर्यंत कुठेही न अडखळलेले. आणि झुकलेले डावीकडे.

मी मग माझं काम केलं. माधवराव? केतकीने त्यांना ग्लासगोत एक क्षण नजरेआड केलं नव्हतं. पराग? "ताई, मला हे येत असतं तर मी सगळ्या जगाला सांगितलं असतं." खरं होतं. अनघाची आठवडाभर हॉस्पिटलात ड्यूटी. मी मार्गारेटकडे वळले.

"माझ्याकडे बघू नकोस, डक," ती केकचं झाकण काढत म्हणाली. "मी उजव्या हाताची आहे. आमच्या शाळेतल्या नन्सनी त्याची चांगली काळजी घेतली होती. पट्टीने."

 अनघाने हळूच गळ्यातल्या, मार्गारेटच्या समोर बसून विणलेल्या मफलरला हात लावला.

माधवरावांनी सुरी टेबलावर ठेवली, मूठ डावीकडे करून. मग चहाचं आधण ठेवायला सिंकपाशी गेले. रॅकवरच्या दगडावर त्यांनी तळवा ठेवला आणि तसाच ठेवून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मी मंगळवारी गेलो," ते म्हणाले. "दगड ओला आहे."